जनरेटर कोणता हे नंतर, तो उभा कुठे राहणार हे आधी

ताई, तुम्ही लिहिलेली हकीकत थोडक्यात अशी: सोलापुरात खाली-वर दोन मजल्यांचं घर, खाली शाळेच्या गणवेशांचं शिलाईकाम, तीन मोठ्या मशीन, एक इस्त्री आणि फ्रीजमध्ये सासूबाईंचं इन्सुलिन. एप्रिल-मे म्हणजे गणवेशाचा सीझन, आणि नेमकी तेव्हाच वळवाच्या वाऱ्यात लाईट जाते. म्हणून छोटा पेट्रोल जनरेटर घ्यायचा आहे. कोणत्या कंपनीचा घेऊ, असा तुमचा प्रश्न. पुढे लिहिलंय, की तो जिन्याखाली ठेवणार, म्हणजे पाऊस लागणार नाही. आणि शेवटच्या ओळीत, शेजारचे म्हणाले की दोन्ही टोकांना प्लग लावलेली वायर करून कुठल्याही सॉकेटमध्ये घातली की सगळं घर चालू होतं.

कंपनीचं मी शेवटी दोन शब्दांत सांगेन, कारण नावाजलेल्या कुठल्याही कंपनीचं मशीन चालतं. मला काळजी वाटली ती जिन्याखालच्या जागेची आणि त्या वायरची. सोलापुरात २७ वर्षं मी जनरेटर भाड्याने देतोय आणि दुरुस्त करतोय. मांडव, वराती, गड्ड्याच्या यात्रेतले स्टॉल, पूर्व भागातले कारखाने, सगळीकडे मशीन नेली आहेत. इंजिन बिघडलं म्हणून कोणाचा जीव गेलेला मी पाहिला नाही. जिवावर बेतलं ते चुकीच्या जागेमुळे, चुकीच्या जोडणीमुळे, नाहीतर पेट्रोल ओतताना.

आधी जागेचं बोलू. पेट्रोल इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तुम्हाला जो धुराचा वास येतो तो इतर गोष्टींचा. वास गेला म्हणजे हा वायू गेला असं होत नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो, त्यामुळे माणूस श्वास घेत असतो पण शरीराला ऑक्सिजन पोचत नाही. हा वायू हवेइतकाच हलका. तो वर जाऊन झरोक्यातून निघून जात नाही की खाली बसत नाही, सगळ्या खोलीत सारखा मिसळतो. म्हणून ‘खिडकी उघडी ठेवू’, ‘एक्झॉस्ट फॅन लावू’ यावर विसंबू नका. कारच्या धुराची आणि याची बरोबरी करू नका. कारला धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, या छोट्या जनरेटरना बहुधा नसतो. इंजिन छोटं असलं तरी हा एक वायू ते कित्येक गाड्यांइतका सोडतं.

आता तुमच्या जिन्याचा विचार करा. जिना हा घराचा धुराडाच असतो. खालची गरम हवा त्यातून वर जाते आणि वरच्या मजल्यावर जिथे दार उघडं दिसेल तिथे शिरते. खाली जनरेटर चालू आणि वर सासूबाई दुपारच्या झोपलेल्या, हे चित्र डोळ्यांसमोर आणा.

मी हे ऐकीव सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका कापडाच्या गोदामातून फोन आला, जनरेटर सारखा बंद पडतोय म्हणून. गोदामाचं शटर पाऊस आत येऊ नये म्हणून गुडघ्याइतकं वर ठेवलेलं, जनरेटर आतल्या कोपऱ्यात. मी वाकून आत गेलो आणि कार्बोरेटर खोलायला बसलो. एअर फिल्टर स्वच्छ, इंजिनचा स्पार्क प्लग मात्र काजळीने काळा कुळकुळीत. इंजिनलाच पुरेशी हवा मिळत नव्हती, ते स्वतःचाच धूर ओढत होतं. प्लग पुसून मी मशीन पुन्हा सुरू केलं आणि स्क्रू फिरवत राहिलो. दहा मिनिटांत माझ्या कपाळात ठणका सुरू झाला, पाने हातातून निसटायला लागले. तेव्हा कुठे माझं लक्ष गठ्ठ्यांवर झोपलेल्या पोराकडे गेलं. मालक म्हणाले, रात्रपाळी केलीय, झोपू दे. मी त्याला हलवलं तर मान कलंडली. मशीन बंद केलं, शटर वर ढकललं, दोघांनी धरून त्याला पावसात बाहेर आणलं. दवाखान्यात ऑक्सिजनवर ठेवल्यावर तो वाचला. त्या दिवसापासून बंदिस्त जागेत चालणार असेल तर मी मशीन भाड्याने देत नाही, गिऱ्हाईक कितीही जुनं असो.

अंतर किती ठेवायचं? अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने घरापासून निदान २० फूट सांगितलं आहे आणि मीही तेच धरतो. मोजायचं ते सगळ्यात जवळच्या दार-खिडकी-झरोक्यापासून, आणि त्यात शेजाऱ्यांची खिडकीही धरायची. सायलेन्सरचं तोंड सगळ्या घरांकडे पाठ करून, मोकळ्या बाजूला. त्या बाजूच्या खिडक्या जनरेटर चालू असेपर्यंत बंद. चारही बाजूंना निदान तीन फूट मोकळी जागा, म्हणजे इंजिनला थंड हवा मिळते. वर पत्र्याचं छप्पर चालेल, पण चारही बाजू उघड्या हव्यात. चालू मशीनवर ताडपत्री टाकायची नाही. पाऊस जोराचा असेल तर मशीन बंद, आणि ओल्या हाताने ओल्या जमिनीवर उभं राहून प्लग लावायचा नाही.

आपल्याकडे दोन जागा लोकांना फार सोयीच्या वाटतात. एक, दोन घरांमधला चार फुटी बोळ. ती जागा जिन्याइतकीच वाईट. दोन्ही बाजूंना भिंती, वारा फिरत नाही, आणि धूर सरळ शेजाऱ्यांच्या न्हाणीघराच्या झरोक्यात. दुसरी, अपार्टमेंटमधली डक्ट किंवा ड्राय बाल्कनी. तिथे तर वरचे सगळे मजले धोक्यात येतात. काही जण खोलीत मशीन ठेवून सायलेन्सरला पाईप जोडतात आणि तो खिडकीबाहेर काढतात. तसले पाईप मी पुष्कळ उतरवले आहेत. कंपनाने जोड सैल होतात, तिथून धूर गळतो, आणि लांब पाईपमुळे इंजिनवर उलटा दाब येतो तो वेगळाच.

गच्ची चालेल का, हे तुमच्या गच्चीवर अवलंबून आहे. आकाशाखाली मोकळी असेल, जिन्याच्या दारापासून २० फूट मिळत असेल आणि ते दार बंद राहत असेल, तर जमिनीपेक्षा गच्ची कधीकधी बरी, कारण वारा असतो. पण ३ केव्हीएचं (केव्हीए म्हणजे जनरेटरच्या ताकदीचं माप) मशीन ४० किलोच्या वर भरतं. ते एकदा वर गेलं की तिथेच राहणार, आणि पेट्रोलचा कॅन दर वेळी घरातल्या जिन्याने वर न्यावा लागणार. शिवाय आपला मे महिना. पारा ४२-४३ अंशांवर, स्लॅब तापलेला. हवेवर थंड होणारं इंजिन अशा उन्हात पूर्ण ताकद देत नाही. सावली करावीच लागेल.

यातली कुठलीच जागा तुमच्याकडे नसेल, तर पेट्रोल जनरेटर घेऊ नका. मी जनरेटरचा माणूस आहे, तरी हे मनापासून सांगतो. नवी पेठ, मंगळवार पेठ, बाळीवेस या बाजूला खेटून खेटून घरं आहेत, तिथल्या कित्येकांना मी हेच सांगून परत पाठवलं आहे. अशा घराला इन्व्हर्टर आणि मोठी बॅटरी हाच मार्ग. दिवे, पंखे आणि फ्रीज त्यावर निघतात. शिलाई मशीनही चालतात, पण त्याआधी त्यांच्या मोटरी बदला, ते पुढे सांगतो. खरं तर तुमच्याकडे लाईट रोज अर्धा-पाऊण तासच जात असेल, तर जागा असूनही मी इन्व्हर्टरच सुचवीन. वादळात खांब पडून सहा-आठ तास जात असेल आणि ऑर्डर अडत असेल, तरच जनरेटरला अर्थ आहे. हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून दोन्ही सांगितलं.

जनरेटर घेतलाच, तर बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म घरात लावा, झोपायच्या खोलीजवळ. ऑनलाइन मिळतो. स्वयंपाकघरात गॅस गळतीचा जो अलार्म लावतात तो वेगळा, त्याला हा वायू कळत नाही. आणि लक्षणं घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ, झोप आल्यासारखं वाटणं. उन्हाळ्यात आपण म्हणतो ऊन लागलं असेल, पित्त झालं असेल. जनरेटर चालू असताना एकापेक्षा जास्त माणसांचं डोकं दुखायला लागलं, की आधी सगळ्यांनी बाहेर मोकळ्या हवेत यायचं आणि मग १०८ला फोन करायचा. एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक आहे. कोरोनानंतर घरोघरी बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे, पण या विषबाधेत तो फसवतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्त आणि ऑक्सिजन असलेलं रक्त त्याला सारखंच दिसतं, म्हणून माणूस बेशुद्ध होत आला तरी आकडा ९७-९८ येऊ शकतो. तो आकडा बघून घरी थांबू नका. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. दवाखान्यात शुद्ध ऑक्सिजनवर हेच काम साधारण सव्वा-दीड तासात होतं. डॉक्टरांना पहिल्या वाक्यातच सांगा की घरात जनरेटर चालू होता.

कुणी तुम्हाला म्हणेल, पेट्रोलपेक्षा गॅसवरचा, म्हणजे एलपीजीवर चालणारा घ्या, त्याचा धूर स्वच्छ असतो. काजळी कमी असते हे खरं. पण हा वायू त्याच्याही धुरात असतो, आणि जागेचे नियम तेच.

आता ती दोन प्लगांची वायर. ती करू नका, आणि शेजाऱ्यांकडे असेल तर त्यांनाही तोडायला सांगा. वायरचं एक टोक चालू जनरेटरमध्ये असताना दुसऱ्या टोकाच्या पितळी पिना उघड्या असतात आणि त्यांत २३० व्होल्ट असतात. अंधारात कुणाचा हात लागला, लहान मुलाने उचलली, तर सांगायची गरज नाही. ती सॉकेटमध्ये गेली की तुमच्या घराची वीज मीटरमधून उलटी बाहेर खांबावर जाते. बऱ्याचदा गल्लीतल्या सगळ्या घरांचं लोड एकदम अंगावर येऊन जनरेटर गुदमरून बंद पडतो, आणि लोकांना वाटतं यात काही धोका नाही. पण खांबावरची तार तुटली असेल किंवा दुरुस्तीसाठी लाईन मध्येच सोडवली असेल, तर पलीकडे लोडच उरत नाही. मग जनरेटर आरामात चालतो आणि ती तार जिवंत राहते. महावितरणचा जनमित्र, म्हणजे लाईनमन, नेमका त्याच तारेवर काम करायला चढलेला असतो. तुमची वीज डीपीपर्यंत, म्हणजे भागातल्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत, पोचली तर आणखी वाईट. डीपी ११ हजार व्होल्टचे २३० करते, तशी उलट बाजूने २३०चे ११ हजारही करते.

‘आम्ही मेन स्विच आठवणीने बंद करू’ असं सगळे म्हणतात. पण लाईट गेल्यावर अंधार असतो, ऑर्डरची घाई असते, तुम्ही घरात नसता आणि धाकटा भाऊ वायर लावतो. दुसऱ्याचा जीव आपल्या आठवणीवर ठेवायचा नाही. आणि मेन चालू राहिलं आणि मधेच लाईट आली, तर दोन वीजप्रवाह एकमेकांवर आदळतात आणि जनरेटरची वाइंडिंग तिथल्या तिथे जळते. अशी जळकी वाइंडिंग दर उन्हाळ्यात एक-दोन तरी माझ्या टेबलावर येतात.

सरळ मार्ग दोन. पहिला, घराच्या वायरिंगला हातच लावायचा नाही. जनरेटरपासून २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची तीन कोअरची लवचिक रबरी केबल आणायची, तिच्या टोकाला एमसीबी (लोड जास्त झालं की आपोआप पडणारा खटका) असलेला चांगला बोर्ड, आणि त्यावर थेट शिलाई मशीन, टेबलावरचा दिवा आणि फ्रीज लावायचे. तुमच्या कामाला मी आधी हेच सुचवीन. केबल दारातून जाणार असेल तर दाराखाली चेपू देऊ नका, आणि ती जाते म्हणून जनरेटरच्या बाजूचं दार उघडं राहतं असंही होऊ देऊ नका. केबल गुंडाळीतच ठेवून वापरली तर आतून तापते आणि वितळते, पूर्ण उलगडून वापरा.

दुसरा मार्ग चेंजओव्हर स्विचचा. सिंगल फेजला दोन पोलचा चेंजओव्हर, मधे ‘बंद’ जागा असलेला. खटका एका बाजूला असला की महावितरण, दुसऱ्या बाजूला असला की जनरेटर. दोन्ही एकदम जोडले जाणं शक्यच नसतं, आठवणीचा प्रश्नच संपतो. फेजबरोबर न्यूट्रलही तुटला पाहिजे, म्हणून दोन पोल. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या आणि त्याला अर्थिंगचं मुद्दाम विचारा, कारण इथे चांगले चांगले चुकतात. बऱ्याच छोट्या जनरेटरमध्ये दोन्ही तारांपैकी एकही बॉडीला जोडलेली नसते. टेस्टर लावला तर दोन्ही भोकांत मंद लाल दिसतं, ते यामुळेच. अशा वेळी घरातला आरसीसीबी, म्हणजे करंट गळाला की वीज तोडणारा खटका, जनरेटरवर असताना पहिल्या दोषाला पडत नाही, कारण गळालेल्या करंटला परत यायला वाटच नसते. म्हणून चेंजओव्हरने घराला जोडताना जनरेटरच्या बाजूला न्यूट्रल एकाच ठिकाणी अर्थला जोडावा लागतो आणि त्यापुढे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. जोडून झाल्यावर जनरेटर चालू असताना आरसीसीबीचं टेस्टचं बटण दाबून बघा, आणि वायरमनला मीटरने अर्थिंग मोजायला सांगा. एकट्या बटणावरून अर्थिंग कळत नाही.

अर्थिंगचा खड्डा आपल्या भागात दुर्लक्ष करण्यासारखा नाही. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि सळईपासून सुटते, मग अर्थ नावापुरता राहतो. एप्रिल-मे मध्ये दर आठवड्याला खड्ड्यात दोन बादल्या पाणी घाला. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही हे मला माहीत आहे. भांडी घासलेलं पाणी चालेल.

आता लोड. शिलाई मशीनला जुन्या क्लच मोटरी असतील तर एकेक सुमारे ४०० वॉट धरा, तीन मिळून १,२००. चार ट्यूब ८०, तीन पंखे सव्वादोनशे, फ्रीज दीडशे. झाले १,६५५. इस्त्री ७५० वॉटची असेल तर २,४०५. आणि पाणी आलं की अर्ध्या एचपीची मोटर, तिचे आणखी ६००. जनरेटरवर ३ केव्हीए लिहिलेलं असलं तरी मोटरच्या लोडला ते सुमारे २.४ किलोवॉट धरायचं, आणि कायम चालवायचं तर त्याच्या तीन चतुर्थांश, म्हणजे १,८०० वॉट. म्हणजे ३ केव्हीएवर इस्त्री आणि पाण्याची मोटर सोडून सगळं बसतं. इस्त्री लावायची तेव्हा दोन शिलाई मशीन बंद. पाण्याची मोटर सुरू होताना चालू लोडच्या तीन ते पाच पट करंट घेते, म्हणून ती बाकी सगळं बंद करून एकटी लावायची. २ केव्हीए घेतला तर तो पहिल्याच सीझनमध्ये रडेल. ५ केव्हीए घेऊन दोन दिवे लावले तर पेट्रोल वाया आणि प्लगवर काजळी.

पण जनरेटर घेण्याआधी एक काम करा. क्लच मोटरी काढून सर्व्हो मोटरी बसवा. क्लच मोटर तुम्ही पाय दाबला नाही तरी पूर्ण वेळ फिरत असते. सर्व्हो पाय दाबला तरच फिरते आणि दणका न देता सुरू होते. बिल कमी येतंच, शिवाय कदाचित तुम्हाला इन्व्हर्टरवरच भागेल. सर्व्हो मोटरच्या कार्डला वीज मात्र स्वच्छ लागते, तेव्हा जनरेटर घ्याल तो एव्हीआर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) असलेला तरी घ्या, परवडला तर इन्व्हर्टर जनरेटर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटमधून वीज स्वच्छ करून देणारा. त्याचा आवाजही कमी. घरात आधीच इन्व्हर्टर असेल तर जनरेटर लागल्यावर तो बॅटरी चार्ज करायला दोन-चारशे वॉट खेचतो, तेही हिशोबात धरा.

पेट्रोल ओतण्याबद्दल मी कडक आहे. वरातीत हातगाडीवर जनरेटर असतो तो तुम्ही पाहिला असेल. माझ्या तारुण्यात एका वरातीत दिवे विझू नयेत म्हणून पोरगा चालत्या मशीनमध्ये पेट्रोल ओतत होता. नरसाळं हललं आणि थोडं सायलेन्सरवर सांडलं. आवाज फक्त ‘भक्’ असा झाला. ज्वाळा त्याच्या मनगटापासून कोपरापर्यंत चढली, आणि त्याने घाबरून कॅनच खाली टाकला. चार जणांनी सतरंजी टाकून विझवलं, पण त्याच्या हाताची कातडी अजून आक्रसलेली आहे. चालू जनरेटरचा सायलेन्सर पेट्रोल पेटेल इतका तापतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चारपट जड, ती जमिनीवरून सरपटत जाते आणि दूरच्या ठिणगीला गाठते, मग ती फ्रीजची असो की देवघरातल्या समईची. म्हणून मशीन बंद करायचं, निदान १५-२० मिनिटं थांबायचं, सायलेन्सरजवळ हात नेऊन धग लागत नाही ना ते बघायचं आणि मग उजेडात ओतायचं. टाकी काठोकाठ भरायची नाही, उन्हाने पेट्रोल फुगतं. सांडलं तर पुसून, वाळू देऊन, मगच सुरू. जवळ एबीसी पावडरचं अग्निशामक सिलिंडर आणि वाळूची बादली ठेवा. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारलं तर आग पाण्याबरोबर पसरते.

साठा थोडाच ठेवा. पेट्रोलियम कायदा, १९३४ प्रमाणे घरगुती वापराला परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंत पेट्रोल ठेवता येतं, तेही घट्ट झाकणाच्या धातूच्या भांड्यात. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत नाही. तुम्हाला पाच लिटरचा एक पत्र्याचा कॅन पुरे, कारण पूर्ण लोडला तासाला साधारण एक लिटर जातं. कॅन घराबाहेर, सावलीत, कुलपात. कापडाच्या गठ्ठ्यांजवळ कधीच नाही.

सुरू करण्याची माझी रीत अशी. मशीन सपाट जागेवर, कारण तिरकं असलं की ऑइलची पट्टी खोटं दाखवते. ऑइल बघायचं. सगळं लोड काढलेलं. पेट्रोलचा कॉक उघडायचा, इंजिन थंड असेल तर चोक लावायचा. दोरी आधी हळू ओढायची, कुठेतरी दाब लागतो, तिथून जोराने ओढायची, आणि परत जाताना हातानेच जाऊ द्यायची. पकडलं की चोक हळूहळू काढायचा. दोन-तीन मिनिटं मोकळं चालू द्यायचं, व्होल्टमीटर २३०च्या आसपास स्थिर आहे का बघायचं, मग सगळ्यात मोठी मोटर आधी आणि छोटी लोडं नंतर. बंद करताना उलट: लोड काढा, दोन मिनिटं मोकळं चालवा, मग स्विच, मग कॉक. एमसीबी पडला तर लोड कमी करा, खटका दाबून धरू नका. दिवे मंद झाले म्हणून गव्हर्नरचा, म्हणजे इंजिनचा वेग सांभाळणाऱ्या भागाचा, स्क्रू पिळणारे मेकॅनिक भेटतील, त्यांना हात लावू देऊ नका. साध्या जनरेटरचं इंजिन मिनिटाला ३,००० फेरे फिरतं म्हणून ५० हर्ट्झ मिळतात. फेरे वाढवले की व्होल्टेज वाढून फ्रीजचा कॉम्प्रेसर जातो.

देखभाल फार नाही. पहिलं ऑइल २० तासांनी, पुढे दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी बदला. एअर फिल्टरवर कापडाचे तंतू फार बसतात, तुमच्या धंद्यात तो दर महिन्याला झटका. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, आणि ते हवेतलं पाणी ओढतं. तीन-चार महिने तसंच टाकीत राहिलं तर कार्बोरेटरमध्ये चिकटा धरतो. जून संपला, गणवेशाचं काम उरकलं, की टाकी रिकामी करा, कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवा, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होतो. नंतर मात्र महिन्यातून एकदा थोडं ताजं पेट्रोल घालून दहा मिनिटं लोडवर चालवा आणि पुन्हा तसंच कोरडं करून ठेवा.

कंपनीचं म्हणाल, तर ज्याचे प्लग, फिल्टर आणि दोरी सोलापुरात मिळते आणि जो दुकानदार ऑइल कमी झाल्यावर आपोआप बंद होणारं मशीन दाखवतो, त्याच्याकडून घ्या. बिनबिलाचं घेऊ नका. रात्री दहानंतर चालवायचा प्रसंग आला तर शेजाऱ्यांना आधी सांगा. राहत्या वस्तीत रात्रीची आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि हे मशीन त्यात बसत नाही.

आता एवढं करा. टेप घ्या. जिथे मोकळं आकाश आहे अशी अंगणातली किंवा गच्चीवरची जागा ठरवा आणि तिथून जवळच्या प्रत्येक दार-खिडकीपर्यंतचं अंतर मोजा, डाव्या-उजव्या शेजाऱ्यांच्याही. शिलाई मशीनच्या मोटरीवरच्या पट्टीचा आकडा आणि लाईट साधारण किती तास जाते, तेही लिहा. आकडे आले की केबल किती लांब लागेल आणि चेंजओव्हर लावायचा की थेट बोर्ड, ते नेमकं सांगतो. तोपर्यंत जिन्याखालची जागा मोकळीच राहू द्या.